लष्करी रेल्वे प्रतिकृती

लष्करी उपयोगाच्या अथवा युद्धकाळातील लोहमार्गाचा एखादा भाग, त्यावरील एंजिने, वाघिणी, इमारती, माणसे व भोवतालचा भूप्रदेश यांसह ठराविक प्रमाणात लहान करून उभारलेली चालती मांडणी. ती सामान्यतः प्रदर्शनात किंवा संग्रहालयात प्रेक्षकांना दाखविण्याच्या हेतूने तयार करतात. रणगाडे, तोफा इत्यादींच्या स्थिर प्रतिकृतींहून तिचे वेगळेपण तिच्या गतीत आहे. गाडी कोठून येते, काय आणते आणि कोठे जाते, हे तिला दाखवावे लागते. त्यामुळे युद्धाच्या वर्णनात एरवी दुर्लक्षित राहणारी रसदपुरवठ्याची बाब तिच्यात केंद्रस्थानी येते. मात्र युद्धाचे देखणे रूप दाखवून त्याची किंमत झाकण्याचा दोषही अशा मांडणीत सहज शिरतो. म्हणून प्रतिकृतिकाराला हस्तकौशल्याबरोबर इतिहासकाराचा विवेकही बाळगावा लागतो.

इतिहास : रेल्वेच्या प्रतिकृतींचा उगम खेळण्यांत आहे. जर्मनीतील गपिंगेन येथील मेर्कलिन या कारखान्याने १८९१ मध्ये लाइपसिक येथील जत्रेत चावीवर चालणारी आगगाडी रुळांसह मांडली आणि दोन रुळांतील अंतरांना (गेजला) क्रमांक देऊन त्यांचे प्रमाणीकरण केले. त्यामुळे एकदा घेतलेल्या रुळांना पुढे नवे तुकडे व नव्या गाड्या जोडणे शक्य झाले. इंग्लंडमध्ये १८९९ पासून बॅसेट-लोक या संस्थेने प्रत्यक्ष एंजिनांशी अधिक मिळत्याजुळत्या प्रतिकृती विक्रीस आणल्या. लंडन येथे १९१० मध्ये ‘मॉडेल रेल्वे क्लब’ स्थापन झाला. प्रतिकृतीचा उपयोग शिक्षणासाठीही होऊ लागला. लँकाशर अँड यॉर्कशर रेल्वेने मँचेस्टर येथे सिग्नल यंत्रणेचे शिक्षण देण्यासाठी १९१२ मध्ये चालती मांडणी उभारली होती.

या उद्योगाच्या वाढीवर युद्धांचा प्रत्यक्ष परिणाम झाला. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमधील जर्मन खेळण्यांची आयात बंद पडली. युद्धानंतर १९२० मध्ये लिव्हरपूल येथील फ्रँक हॉर्नबी यांनी आपल्या आगगाड्या बाजारात आणल्या आणि जर्मन मालाची जागा बऱ्याच अंशी घेतली. अमेरिका युद्धात उतरल्यावर १९१७ च्या सुमारास तेथील लायोनेल कंपनीने चिलखती एंजिन असलेली खेळण्यातील गाडी काढली. दुसऱ्या महायुद्धात धातूंच्या टंचाईमुळे १९४२ पासून याच कंपनीला आगगाड्यांचे उत्पादन थांबवावे लागले. पुढे शीतयुद्धाच्या काळात, १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस, तिने क्षेपणास्त्रे सोडणाऱ्या वाघिणीही तयार केल्या. ही सर्व खेळणी त्या त्या काळातील युद्धविषयक कल्पनांची निदर्शक आहेत. प्रत्यक्ष लष्करी लोहमार्गाचे चित्र त्यांत क्वचितच आढळते.

खरी लष्करी मांडणी दोन छंदांच्या संगमातून पुढे आली. दुसऱ्या महायुद्धानंतर प्लॅस्टिकचे सुटे भाग जोडून रणगाडे व तोफा तयार करण्याचा छंद पसरला. ऑस्ट्रियातील रोको या कंपनीने १९६० मध्ये आरंभ केला तो १:८७ या प्रमाणातील रणगाड्यांपासून. रेल्वेच्या प्रतिकृती ती नंतर बनवू लागली. ब्रिटनमधील एअरफिक्सची लष्करी वाहने १:७६ या प्रमाणात, म्हणजे ब्रिटिश रेल्वे प्रतिकृतींच्या अगदी जवळच्या प्रमाणात होती. जपानमधील तामिया कंपनीमुळे १:३५ हे प्रमाण रूढ झाले. रेल्वेच्या व लष्करी प्रतिकृती एकाच मांडणीत सुसंगतपणे मांडणे यामुळे सुलभ झाले.

विषयाची निवड : लष्करी लोहमार्गांचा इतिहास प्रतिकृतिकाराला अनेक विषय पुरवितो. अमेरिकेच्या यादवी युद्धात हर्मन हाउप्ट यांच्या देखरेखीखाली मे १८६२ मध्ये व्हर्जिनियातील पोटोमॅक क्रीकवर थोड्याच दिवसांत उभारलेला लाकडी पूल, तसेच पीटर्झबर्गच्या वेढ्याच्या वेळचे (१८६४-६५) सिटी पॉइंट येथील पुरवठातळ हे त्यांपैकी प्रसिद्ध होत. दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धात १५ नोव्हेंबर १८९९ रोजी नाताळमधील चीव्हली येथे चिलखती गाडीवर हल्ला झाला आणि वार्ताहर म्हणून गेलेले विन्स्टन चर्चिल कैद झाले. इंग्लंडमधील रॉम्नी, हाइद अँड डिमचर्च या केवळ ३८१ मिमी. गेजच्या रेल्वेवर १९४० मध्ये लहानशी चिलखती गाडी ठेवण्यात आली होती. हॅम्पशरमधील लाँगमूर येथे तर ब्रिटिश लष्कराने सैनिकांना रेल्वेचे शिक्षण देण्यासाठी विसाव्या शतकाच्या आरंभापासून पूर्ण आकाराचा लोहमार्गच चालविला. तो १९६९ मध्ये बंद झाला.

तथापि प्रदर्शनाच्या दृष्टीने सर्वांत अनुकूल विषय म्हणजे पहिल्या महायुद्धातील पश्चिम आघाडीवरील ६० सेंमी. गेजचे हलके लोहमार्ग, ज्यांना सामान्यपणे खंदक-रेल्वे म्हणतात. फ्रान्समधील देकोव्हील कारखान्याने पोलादी आडव्या पट्ट्यांवर घट्ट बसविलेल्या रुळांचे, माणसांना उचलून नेता येतील असे तयार तुकडे प्रचारात आणले होते. पॅरिस येथील १८८९ च्या जागतिक प्रदर्शनात या पद्धतीच्या ६० सेंमी. रेल्वेने ६० लाखांहून अधिक प्रेक्षकांची ने-आण केली. तोफखान्यातील अधिकारी प्रॉस्पेर पेशो यांनी हीच कल्पना अवजड तोफा व दारूगोळा वाहून नेण्यासाठी विकसित केली आणि फ्रेंच लष्कराने १८८८ मध्ये ती स्वीकारली. जर्मनीनेही याच गेजची युद्धसामग्री सज्ज ठेवली होती. आठ जोडचाकांच्या त्यांच्या ‘ब्रिगेड’ एंजिनांची संख्या अखेरीस सु. २,५०० पर्यंत गेली.

ब्रिटिश लष्कराची भिस्त मात्र मोटार-ट्रक व घोडे यांवर होती. सॉमच्या लढाईपूर्वीच्या भडिमारात, जून १८१६ नव्हे तर जून १९१६ च्या अखेरच्या आठवड्यात, सु. १५ लाख तोफगोळे डागले गेले. एवढा माल वाहताना रस्ते खचले व वाहतूक कोंडली. त्या वर्षीच एरिक गेडीझ यांच्याकडे वाहतुकीची सूत्रे सोपविण्यात आली आणि हलक्या लोहमार्गांचे जाळे वेगाने उभारले गेले. ब्रिटनमधील कारखाने अपुरे पडल्याने अमेरिकेतील बॉल्डविन कारखान्याकडून १९१६-१७ मध्ये ४९५ एंजिने घेण्यात आली. बेडफर्ड येथील मोटर रेल कंपनीने ‘सिंप्लेक्स’ ही २० व ४० अश्वशक्तीची पेट्रोल एंजिने पुरविली.

या वाहतुकीचे टप्पे ठरलेले होते. मोठ्या गेजच्या गाड्या आघाडीमागील तळापर्यंत येत. तेथे माल हलक्या वाघिणींत भरला जाई. वाफेची एंजिने तो काही अंतर पुढे नेत. धूर व वाफ शत्रूच्या नजरेस पडत असल्याने त्यापुढे पेट्रोल एंजिने जोडीत आणि अखेरच्या टप्प्यात खेचरे किंवा माणसे लहान ढकलगाड्या ओढीत. पुढच्या भागातील बरेच काम रात्री चाले. परतताना याच वाघिणींतून जखमी सैनिक, रिकामी काडतुसे व मोडके सामान मागे येई. दहा टन वाहणाऱ्या वाघिणीत ९.२ इंची तोफेचे, प्रत्येकी सु. १३० किग्रॅ. वजनाचे, साधारण ७५ गोळे मावत. एका तोफेची भूक भागविण्यासाठी किती हातांनी किती वेळा हा माल उचलला असेल, याची कल्पना अशा आकड्यांवरून येते.

प्रमाण व गेज : मांडणीचे प्रमाण ठरविताना गणित आधी करावे लागते. ब्रिटनमध्ये रूढ असलेल्या १:७६.२ या प्रमाणात १.७५ मी. उंचीचा सैनिक केवळ २३ मिमी. होतो. या प्रमाणात ६० सेंमी. गेज ७.९ मिमी. व्हावयास हवे, परंतु तयार मिळणारे रूळ ९ मिमी. गेजचे असल्याने ते वापरतात. म्हणजे प्रतिकृतीतील लोहमार्ग सु. ६८.६ सेंमी. गेजचा दिसतो. १:३५ या प्रमाणात १६.५ मिमी. गेजचे सर्वत्र मिळणारे रूळ ५७.८ सेंमी. दर्शवितात. ते मूळ मापाच्या बरेच जवळ असून सैनिकांच्या व वाहनांच्या तयार प्रतिकृतीही या प्रमाणात विपुल मिळतात. तथापि जागेची अडचण वाढते. तीन मीटर लांबीची मांडणी १:७६.२ या प्रमाणात सु. २२९ मी. अंतर दाखविते, तर १:३५ मध्ये केवळ १०५ मी.

खंदक-रेल्वे निवडण्याचे आणखी एक कारण वळणांचे आहे. मोठ्या लोहमार्गावरील ३०० मी. त्रिज्येचे वळण १:७६.२ मध्ये जवळजवळ ४ मी. त्रिज्येचे होते. एवढी जागा प्रदर्शनात मिळत नसल्याने बहुतेक मांडण्यांत वळणे अवास्तव आवळलेली असतात. हलक्या लोहमार्गावर सु. ३० मी. त्रिज्येची वळणे घेता येत; ती प्रतिकृतीत ३९ सेंमी. होतात. त्यामुळे लहान जागेतही वळणांच्या बाबतीत सत्याला बाध येत नाही.

रचना : प्रदर्शनासाठीची मांडणी वारंवार सुटी करून, मोटारीतून नेऊन पुन्हा जोडावी लागते. म्हणून ती सु. १.२ मी. लांब व ६० सेंमी. रुंद अशा प्लायवुडच्या पाटांवर विभागतात. पाट एकमेकांशी दर वेळी अचूक जुळावेत यासाठी धातूच्या खुंट्या व बोल्ट बसवितात. जोडावरील रुळांची टोके पितळी स्क्रूंवर किंवा तांब्याच्या पट्टीवर डाखून पक्की करतात, कारण वाहतुकीत पहिला आघात तेथेच होतो. पाटांची उंची साधारण एक मीटर किंवा थोडी अधिक ठेवतात. फार उंच मांडणी मुलांना दिसत नाही व फार सखल मांडणी विमानातून पाहिल्यासारखी भासते. मागील बाजूस रंगविलेला पडदा व वर दिवे असतात.

मांडणीच्या एका किंवा दोन्ही टोकांना पडद्याआड लहान यार्ड असते. पाहणाऱ्याच्या दृष्टीने ते यार्ड म्हणजे पलीकडचे जग होय. खंदक-रेल्वेच्या मांडणीत एका बाजूचे यार्ड तळाकडील, तर दुसऱ्या बाजूचे तोफांकडील मानतात. आघाडीकडे गेलेली भरलेली गाडी तशीच भरलेली परत आली, तर सारा देखावा निरर्थक ठरतो. यासाठी एकसारख्या वाघिणींचे भरलेले व रिकामे असे दोन संच ठेवून त्यांची पडद्याआड अदलाबदल करतात.

भूप्रदेश तयार करताना तारेची जाळी किंवा फोमचे थर यांवर प्लास्टर चढवितात. उत्तर फ्रान्स व फ्लँडर्समधील चिखल हा या मांडणीचा प्रमुख घटक असतो. प्लास्टरमध्ये रंग, बारीक माती व गोंद मिसळून तो साधतात, आणि तोफगोळ्यांच्या खड्ड्यांतील पाणी वॉर्निशचे अनेक पातळ थर देऊन किंवा रेझीन ओतून दाखवितात. येथे रूळ नीटनेटके नसावेत, हे कौशल्याचे काम असते. मूळ लोहमार्ग घाईने टाकलेला, खचणारा व पुनःपुन्हा दुरुस्त केलेला होता. पण प्रतिकृतीतील रूळ खरोखरच वाकडे असले, तर हलकी वाघीण घसरते. म्हणून रूळ सरळ बसवून भोवतालची माती, रंग व विखुरलेले सामान यांच्या साहाय्याने ते वाकडे भासवितात.

चालन : गाड्या सामान्यतः १२ व्होल्ट एकदिश विद्युत् प्रवाहावर चालतात. १९९० नंतरच्या दशकात अंकीय नियंत्रणाची मानके निश्चित झाली व एकाच रुळावरील अनेक एंजिने स्वतंत्रपणे चालविणे शक्य झाले. लहान एंजिने वजनाने हलकी असल्याने रुळांवरील किंचित धुळीनेही त्यांचा विद्युत् संपर्क तुटतो. त्यामुळे दिवसभर चालणाऱ्या प्रदर्शनात रूळ व चाके वरचेवर पुसावी लागतात. हलक्या लोहमार्गावरील गाड्या संथ चालत. त्या वेगाने पळविल्यास मांडणी लगेच खेळण्यासारखी दिसते. चांगल्या मांडणीत गाड्यांचा क्रम लिहून ठेवतात : रात्री दारूगोळा, पहाटे रिकाम्या वाघिणी व जखमी, दिवसा रूळदुरुस्तीची गाडी. यामुळे प्रेक्षकाला काही मिनिटांत एका दिवसाचे कामकाज कळते.

ऐतिहासिक सत्यता : प्रतिकृतीतील चूक लेखातील चुकीपेक्षा अधिक काळ लक्षात राहते, कारण ती डोळ्यांनी पाहिलेली असते. थायलंड-ब्रह्मदेश रेल्वेवरील कांचनबुरीनजीकचा पूल हे याचे ठळक उदाहरण होय. १९५७ च्या प्रसिद्ध चित्रपटामुळे हा पूल केवळ लाकडी होता, असा समज पसरला. त्या चित्रपटातील पूल श्रीलंकेत चित्रीकरणासाठी बांधलेला होता. प्रत्यक्षात तेथे तात्पुरत्या लाकडी पुलाबरोबर जावाहून आणलेल्या कमानदार पोलादी कैच्यांचा कायमचा पूलही होता. आज त्या पुलात दिसणारे सरळ, चौकोनी गाळे युद्धानंतरच्या दुरुस्तीतील आहेत. १९४३ सालची मांडणी करणाऱ्याने आजच्या छायाचित्रावरून काम केले, तर कारागिरी निर्दोष असूनही इतिहास चुकतो.

याच लोहमार्गाच्या बाबतीत अधिक गंभीर प्रश्न उद्‌भवतो. सु. ४१५ किमी. लांबीचा हा मार्ग जपानी लष्कराने १९४२-४३ मध्ये बांधून घेतला. त्यात दोस्त राष्ट्रांचे १२,००० हून अधिक युद्धकैदी मृत्युमुखी पडले. आशियाई मजुरांचे मृत्यू याच्या कित्येक पटींनी अधिक, सु. ९०,००० मानले जातात. त्यांत मलायातून नेलेले तमिळ मजूर मोठ्या संख्येने होते. जंगल, नदी व पूल यांचे सुंदर दृश्य उभारून त्यातून ही माणसे वगळणे म्हणजे घटनेचा अर्थच वगळणे होय. दुसऱ्या महायुद्धातील जर्मन रेल्वेच्या मांडण्यांनाही हेच लागू आहे. रणगाडे वाहणाऱ्या गाड्यांच्या प्रतिकृती सर्वत्र आढळतात. परंतु त्याच रेल्वेने लक्षावधी ज्यूंना मृत्युछावण्यांकडे नेले. जर्मनीत नाझी चिन्हांच्या सार्वजनिक प्रदर्शनास कायद्याने बंदी असून कला, संशोधन, अध्यापन इ. कारणांसाठीच अपवाद केला जातो. तथापि केवळ चिन्ह खोडल्याने प्रश्न सुटत नाही. चिन्हाविना उभी असलेली गाडी कधीकधी अधिकच निरुपद्रवी भासते.

यावर सर्वमान्य असा नियम नाही. मृत्यूचे बटबटीत दृश्य मांडल्यास ते करमणुकीचाच भाग बनते, आणि ते पूर्णपणे टाळल्यास युद्ध हा सुबक देखावा ठरतो. या दोहोंमधील मार्ग म्हणजे कामाचे चित्रण. माल उतरविणारे मजूर, रुळांखाली खडी भरणारी तुकडी, परतीच्या वाघिणीवर पडून असलेले जखमी, गोळ्यांच्या राशीजवळ ताटकळणारी खेचरे यांतून युद्धाचा भार आरडाओरड न करता व्यक्त होतो. मांडणीसमोर स्थळ, काळ व वाहतुकीचा हेतू सांगणारा फलक ठेवणे आणि काल्पनिक भाग कोणता, हे त्यात स्पष्ट करणे हीदेखील प्रामाणिकपणाची गरज आहे. प्रत्यक्ष अवशेषांचा अभ्यास यास उपकारक ठरतो. फ्रान्समधील सॉम नदीकाठी फ्र्वासी येथे १९१६ मध्ये घातलेल्या हलक्या मार्गाचा एक भाग १९७१ पासून संग्रहालय-रेल्वे म्हणून चालविण्यात येतो.

भारताशी संबंध : खंदक-रेल्वेच्या इतिहासात भारताचाही वाटा आहे. १९१७ मध्ये भारतीय श्रमिक दलाच्या तुकड्या फ्रान्समध्ये आघाडीमागील कामासाठी नेण्यात आल्या. मेसोपोटेमियातील मोहिमेसाठी भारतीय रेल्वेकडील रूळ, एंजिने व कर्मचारी पाठविण्यात आले. युद्धानंतर विकल्या गेलेल्या बॉल्डविन एंजिनांपैकी काही उत्तर भारतातील साखर कारखान्यांत आली आणि तेथून अनेक दशकांनी जतनासाठी ब्रिटनला परत गेली. पश्चिम आघाडीच्या मांडणीत भारतीय मजूर सहसा दिसत नाहीत; ही उणीव सहज भरून काढता येण्याजोगी आहे.

महाराष्ट्रात एव्हरर्ड कॅलथ्रॉप यांनी बांधलेली व १८९७ मध्ये सुरू झालेली बार्शी लाइट रेल्वे ७६२ मिमी. गेजची होती. १:८७ या प्रमाणात हे गेज ८.८ मिमी. होत असल्याने ९ मिमी. चे तयार रूळ तिला चांगले जुळतात. याउलट १,६७६ मिमी. च्या भारतीय रुंदमापी मार्गाला १:७६.२ या प्रमाणात २२ मिमी. गेज लागते. प्रचलित तयार रूळ १६.५ मिमी. चे असल्याने भारतीय गाड्यांच्या प्रतिकृती अरुंद रुळांवर उभ्या दिसतात. हे टाळावयाचे तर रूळ हातानेच घडवावे लागतात. मुंबईच्या बॅलार्ड पिअर मोल स्थानकातून वायव्य सरहद्दीकडे निघणाऱ्या सैनिकी गाड्या किंवा १९२५ मध्ये लंडी कोतलपर्यंत खुली झालेली खैबर रेल्वे हे या दृष्टीने उत्तम विषय आहेत. पुणे येथे भाऊ जोशी यांनी उभारलेले चालत्या रेल्वे प्रतिकृतींचे संग्रहालय १९९८ मध्ये सुरू झाले. त्यातील मांडणी लष्करी नसली, तरी एवढे गुंतागुंतीचे काम येथेही होऊ शकते, हे त्यावरून दिसून येते. अशा मांडणीसाठी लागणारी सामग्री मिळविता येते. जुने नकाशे, छायाचित्रे, मालाच्या याद्या व त्या मार्गावर राबलेल्या माणसांच्या नोंदी शोधणे हेच तिचे खरे आणि अधिक वेळ घेणारे काम होय.